जुना चेनसॉ-चेन ग्राइंडर सेकंडहँड घेताना: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर, जांबोटी, कणकुंबी, लोंढा आणि पलीकडे चंदगड या पट्ट्यात पेट्रोलवर चालणाऱ्या कटरशिवाय, म्हणजे चेनसॉशिवाय, आता पान हलत नाही. पावसाळ्यात रस्त्यावर आडवं झालेलं झाड असो, काजूच्या बागेतली छाटणी असो की वखारीतला ओंडका, काम तेच मशीन करतं. पण मशीन कितीही ताकदीचं असलं तरी कापते ती चेन, आणि चेनला धार लावणारं चांगलं यंत्र आपल्याकडे फार थोड्यांकडे आहे. म्हणून जुने युरोपी किंवा अमेरिकन ग्राइंडर कुठे विकायला निघाले की विचारणा सुरू होते. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

चेन ग्राइंडर म्हणजे आपल्या गॅरेजमधला बेंच ग्राइंडरच ना?

नाही. बेंच ग्राइंडरवर दोन जाड दगड असतात आणि वस्तू हातात धरून घासावी लागते. चेन ग्राइंडरवर एकच पातळ व्हील असतं, ते खाली-वर होणाऱ्या दांड्यावर बसवलेलं असतं, आणि चेन खालच्या छोट्या व्हाइसमध्ये घट्ट धरलेली असते. व्हाइस डावी-उजवीकडे अंशांच्या खुणांवर फिरते. दांडा खाली आणला की व्हील ठरलेल्या कोनात, ठरलेल्या खोलीपर्यंत उतरतं आणि एका दाताला धार लागते. मग चेन पुढे सरकवायची आणि पुढचा दात घ्यायचा.

माझ्याकडे एकच कटर आहे. मी घ्यावा का?

घेऊ नका. गोल कानस, तिचा गाइड आणि डेप्थ गेज (दातासमोरचा, काप किती खोल जाईल ते ठरवणारा छोटा उंचवटा) घासायला एक चपटी कानस एवढं पुरेसं आहे. पेट्रोलची टाकी रिकामी झाली की दर वेळी दाताला दोन-तीन हात मारायची सवय लावून घ्या. ग्राइंडर त्याच्यासाठी, ज्याच्याकडे टोळी आहे, पाच-सहा मशीनं आहेत, किंवा जो गावातल्या सगळ्यांच्या चेन धार लावून देतो. दगडावर, खिळ्यावर, तारेवर बसून दात पार गेलेली चेन सरळ करायलाही ग्राइंडर लागतो, कारण तिथे कानशीने प्रत्येक दात समान लांबीवर आणणं फार कष्टाचं होतं.

नवं चिनी मशीन स्वस्तात मिळतं. मग जुनं का घ्यायचं?

स्वस्त छोट्या मशीनमध्ये दांड्याचा सांधा आणि व्हाइस बहुतेक प्लॅस्टिकची किंवा पातळ पत्र्याची असते. पहिले काही दिवस ते बरं चालतं. नंतर सांधा ढिला होतो आणि डावे दात एका लांबीचे, उजवे दुसऱ्या लांबीचे निघू लागतात. जुन्या व्यावसायिक मशीनचा सांगाडा ओतीव असतो, पिन जाड असते, इंडक्शन मोटर हळू आणि शांत फिरते. असा सांगाडा शाबूत असेल तर बाकीचं सगळं आपल्याकडे दुरुस्त होतं.

बेळगावात हे मशीन घेण्याचा खरा फायदाही इथेच आहे. उद्यमबाग आणि मच्छे औद्योगिक वसाहतीत ओतकाम, टर्निंग, वाइंडिंग सगळं एका हाकेच्या अंतरावर आहे. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरची शिरोली आणि गोकुळ शिरगाव जवळ. बुश (पिनेच्या भोकात बसणारी धातूची नळी) बनवणं, बेअरिंग बदलणं, मोटर पुन्हा गुंडाळणं ही इथल्या मिस्त्रींची रोजची कामं आहेत. ज्या गावात टर्नर नाही तिथल्या माणसाला मी जुनं मशीन घे असं सहजी सांगणार नाही. तुम्हाला सांगतो.

बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं?

रंग, स्टिकर आणि मोटरचा आवाज या तीन गोष्टींवर लोक भुलतात. तिन्ही शेवटी बघा. आधी सांधा, मग व्हाइस, मग बेअरिंग.

जाताना सोबत स्वतःची एक जुनी चेन, व्हर्नियर कॅलिपर, मल्टिमीटर, टॉर्च आणि मार्कर पेन न्या. चेन नाही नेली तर अर्धी परीक्षा राहून जाते.

मशीनचा प्लग काढलेला असताना सुरुवात करा. व्हील बसवलेल्या टोकाला दांडा धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. वर-खाली तो हलणारच, त्याचं कामच ते. आडवा मात्र हलता कामा नये. सांध्याच्या पिनेत बारीकशी ढिलाई असली तरी दांड्याच्या टोकाला ती कित्येक पट होऊन दिसते, आणि तीच दातावर उतरते. पिन काढता येत असेल तर काढून बघा. फक्त पिन किंवा बुश झिजलं असेल तर काम सोपं. पण बुश नसलेल्या ओतीव भोकाचंच अंडाकृती झालं असेल, तर ते बोअर करून बुश घालावं लागेल आणि तो खर्च किमतीतून वजा करावा लागेल.

मग व्हाइस. आपली चेन तिच्यात बसवा, आवळा, आणि दात बोटाने दोन्हीकडे ढकलून बघा. चेनचे ड्राइव्ह लिंक, म्हणजे कटरच्या पट्टीच्या खाचेत बसणारे खालचे भाग, दोन जबड्यांत धरले जातात. जबडे मधे खोलगट झिजले असतील तर चेन वरवर घट्ट वाटते, पण दात डुलतो. व्हील टेकताच तो मागे कलणार आणि कोन बिघडणार. जबड्यांवर टॉर्च मारा, झीज नजरेला दिसते. दाताला मागून अडवणारी छोटी पट्टी, म्हणजे स्टॉप, जागेवर आहे का तेही पाहा. जुन्या मशीनवर हरवलेला भाग बहुतेक वेळा हाच असतो. ती पट्टी बनवून घेता येते, पण तिच्या स्क्रूची चूडी गेली असेल तर तेही आधी कळलेलं बरं.

बेअरिंगसाठी व्हील हाताने फिरवा आणि कान लावा. खरखर, अडखळणं किंवा स्पिंडल वर-खाली होणं म्हणजे बेअरिंग गेलं. यावरून मशीन नाकारू नका. या आकाराच्या मोटरमध्ये सहसा प्रमाणित मापाचं बेअरिंग असतं आणि ते कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. स्पिंडलच वाकलेला असेल तर मात्र विचार करा. व्हील फिरताना कडेजवळ पेनची निब स्थिर धरली की डुलणं लगेच दिसतं. आधी व्हील काढून फ्लँज (व्हीलला बाजूंनी धरणाऱ्या धातूच्या चकत्या) पुसून पुन्हा बसवा, कारण फ्लँजखाली अडकलेल्या कचऱ्यानेही व्हील डुलतं.

शेवटी चालू करून बघा. सुरू होताच बाजूला उभे राहा, समोर नाही, आणि मिनिटभर तसंच चालू द्या. मग चेनचे दोन डावे आणि दोन उजवे दात घासा. घासण्याआधी दातांवर मार्कर फिरवा, म्हणजे व्हील कुठे लागलं आणि कुठे नाही ते स्पष्ट दिसतं. व्हर्नियरने चारही दातांची लांबी मोजा. एकाच बाजूचे दोन दात तंतोतंत सारखे यायला हवेत. डाव्या-उजव्यात थोडा फरक आला तर घाबरू नका. पुष्कळ मशीनवर व्हाइस फिरवल्यावर खोलीचा स्क्रू थोडा सरकवावा लागतो, तो त्या मशीनचा स्वभाव आहे. स्क्रू लावल्यावर फरक ०.२ मिलिमीटरच्या आत आला की मशीन घ्यायला माझी हरकत नाही. प्रत्येक दाताला फरक वेगवेगळा येत असेल तर सांधा किंवा व्हाइस गेलेली आहे. तिथून हात जोडून निघा.

विकणारा म्हणतो, मोटर जळाली आहे म्हणून स्वस्तात देतो. घ्यावं?

सांगाडा चांगला असेल तर खुशाल घ्या. जळालेली मोटर पुन्हा गुंडाळून मिळते. मोटर वेगळी बसवलेली असेल तर त्या जागी अर्ध्या हॉर्सपॉवरची, २,८०० च्या आसपास फेऱ्यांची सिंगल फेज मोटरही बसवता येते, फक्त शाफ्टचं माप आणि व्हीलची फ्लँज टर्नरकडून जुळवून घ्यावी लागते. मोटर जळालेली असताना चालवून परीक्षा घेता येत नाही, म्हणून सांधा आणि व्हाइस दुप्पट काळजीने बघा.

अमेरिकन मशीन आहे, पाटीवर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलं आहे. आपल्याकडे चालेल का?

सरळ आपल्या सॉकेटमध्ये लावलंत तर वाइंडिंग तिथल्या तिथे जळेल. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणारच.

व्होल्टेज किती उतरवायचं, इथे बहुतेक जण घसरतात. ६० हर्ट्झसाठी बनलेली इंडक्शन मोटर ५० हर्ट्झवर लावली की तिचा वेग पाच-षष्ठांश होतो, म्हणजे ३,४५० फेऱ्यांची मोटर २,८७५ च्या आसपास फिरते. त्याच प्रमाणात व्होल्टेजही कमी केलं नाही तर लोखंडी कोअर चुंबकत्वाने भरून जातो, मोटर गुणगुणते आणि तापते. ११५ चा पाच-षष्ठांश म्हणजे ९६ व्होल्ट. म्हणून ट्रान्सफॉर्मर ११० चा न करता ९५ ते १०० व्होल्टचा करून घ्या. वाइंडिंगवाल्याला हे आधीच सांगितलं तर त्याला काही जड नाही. क्षमता ठरवताना पाटीवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणा आणि सुरू होतानाच्या झटक्यासाठी त्याच्या किमान दुप्पट-तिप्पट धरा. वेग कमी झाल्याने धारेचं नुकसान होत नाही, उलट दात कमी तापतो.

मोटरला कार्बन ब्रश असतील तर ती युनिव्हर्सल मोटर आहे. तिला हर्ट्झचं काही पडलेलं नसतं, फक्त व्होल्टेज बरोबर द्या.

इटालियन किंवा जर्मन मशीन युरोपसाठी बनलेलं असेल तर त्यावर २२० किंवा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतं. ते सरळ चालतं, आणि निवड करायची वेळ आली तर मी याच कारणासाठी युरोपी मशीन घेईन.

वायर जुनी आहे, दोनच पिनांचा प्लग आहे. चालेल?

नाही. घरी आणल्यावर पहिलं काम तीन पिनांची नवी वायर आणि सांगाड्याला अर्थिंग. मल्टिमीटरने अर्थ पिन आणि उघड्या धातूमधली जोडणी तपासा. जुन्या वायरचं रबर वाळून तुटलेलं असतं. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभं राहून तसलं मशीन चालवणं म्हणजे मरणाला आमंत्रण.

कपॅसिटरमधून तेल गळतंय. पुसून चालवू का?

हात लावू नका. जुन्या अमेरिकन मशीनमधल्या तेल भरलेल्या कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाची विषारी रसायनं असू शकतात. तिथे त्यांच्यावर १९७९ साली बंदी आली. त्याआधीचं मशीन असेल आणि कपॅसिटर गळत असेल तर हातमोजे घालून काढा, पिशवीत बंद करा, उघडू किंवा जाळू नका. नवा कपॅसिटर इथे सहज मिळतो.

आमच्या गावात संध्याकाळी लाइट मंद होते. मशीन चालेल?

वीज कंपनी हेस्कॉमच्या लाइनच्या टोकाला असलेल्या वाड्या-वस्त्यांवर हा त्रास असतोच. कमी व्होल्टेजला इंडक्शन मोटर अडखळते, सुरू होताना नुसती हुंकार देते आणि तापते. अशा वेळी बंद करा, सकाळी काम करा. मोटर अडकून गुणगुणत असताना ‘आता उचलेल, मग उचलेल’ म्हणून वाट बघत बसलात तर वाइंडिंग गेलंच.

मशीनसोबत जुनी व्हीलं मिळाली आहेत. वापरू का?

माझं स्पष्ट मत: वापरू नका. ती व्हीलं कुठे पडली, कशावर आदळली, किती पावसाळे ओल्या भिंतीला टेकून राहिली, हे कुणालाच माहीत नसतं. तडा गेलेलं व्हील फिरता फिरता फुटतं आणि तुकडे समोरच्या माणसाच्या तोंडावर येतात.

नवं व्हीलसुद्धा बसवण्याआधी वाजवून बघा. मधल्या भोकात बोट घालून लोंबतं धरा आणि लाकडी मुठीने हलकेच टकटक करा. व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत भाजलेलं, व्हील शाबूत असेल तर खणखणीत वाजतं, तडा असेल तर बद्द. रेझिन बाँडचं व्हील मुळातच तितकं स्पष्ट वाजत नाही, ते नजरेने नीट तपासा. दोन्ही बाजूंना कागदी चकत्या हव्यातच, त्या काढू नका. व्हीलवर छापलेला कमाल वेग मोटरच्या वेगापेक्षा जास्त असला पाहिजे.

व्हील मिळतात का? कुठल्या मापाची?

व्यावसायिक मशीनवर सहसा १४५ मिलिमीटर व्यासाचं आणि साधारण २२ मिलिमीटर भोकाचं व्हील असतं. छोट्या स्वस्त मशीनवर १०० ते १०८ मिलिमीटर. तुमच्या मशीनचं जुनं व्हील मोजून माप लिहून ठेवा आणि व्यवहार करण्याआधीच ते माप बाजारात मिळतं का बघा. भलतंच भोक असलेलं अनोखं मशीन कितीही देखणं असलं तरी व्हीलअभावी कोपऱ्यात पडून राहील.

व्हीलची जाडी चेनच्या पिचवर, म्हणजे इंचातल्या मापावर, ठरते; ते कसं ओळखायचं ते पुढे सांगितलं आहे. ३/८ लो-प्रोफाइलसारख्या लहान चेनला ३.२ मिलिमीटर, नेहमीच्या ०.३२५, ३/८ आणि ०.४०४ ला ४.७ मिलिमीटर, आणि डेप्थ गेज घासायला ६ मिलिमीटर. व्हीलची कड गोलाकार ठेवायला ड्रेसिंग स्टोन लागतो. दाताच्या पोटातली गोलाई त्या कडेवरूनच येते.

अँगल ग्राइंडरची कटिंग डिस्क लावली तर? ती कुठेही मिळते.

कृपा करून लावू नका. कटिंग डिस्क सरळ कापायला बनलेली असते, बाजूने दाब सोसायला नाही. चेन घासताना व्हीलच्या कडेवर आणि बाजूवर दाब येतो. शिवाय डिस्कची कड चपटी असल्याने दाताच्या पोटात हवी ती गोलाई येतच नाही, फक्त टोक चमकतं. हा प्रकार आपल्या भागात सर्रास चालतो आणि त्यात चेनही जाते, डोळेही जातात.

मग अँगल ग्राइंडरचीच मोटर या सांगाड्यावर बसवली तर?

तेही नको. चार इंची अँगल ग्राइंडर ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. त्यावर १४५ मिलिमीटरचं व्हील बसवलं तर कडेचा वेग सेकंदाला सुमारे ८३ मीटर होतो. या प्रकारची पुष्कळ दगडी व्हीलं सेकंदाला ३५ मीटरसाठी बनलेली असतात. व्हील फुटणारच.

माझी चेन जुन्या मशीनवर बसेल का?

आधी आपली चेन ओळखा. लागोपाठच्या तीन रिव्हेटपैकी पहिल्या आणि तिसऱ्याच्या मध्यातलं अंतर मोजा आणि दोनने भागा. ८.२५ मिलिमीटर आलं तर ०.३२५ पिच, ९.३ आलं तर ३/८, १०.२६ आलं तर ०.४०४. ड्राइव्ह लिंकची जाडी म्हणजे गेज: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. आपल्याकडे खूप खपणाऱ्या ५२-५८ सीसीच्या आयात मशीनवर सहसा ०.३२५ पिच आणि १.५ मिलिमीटर गेजची चेन असते.

जुनी मशीनं मोठ्या चेनसाठी बनलेली असतात, त्यामुळे ०.३२५ आणि ३/८ ला अडचण नसते. बारीक १.१ गेजची चेन मात्र काही जुन्या व्हाइसमध्ये पुरेशी घट्ट धरली जात नाही. म्हणूनच आपली चेन सोबत न्यायला सांगितलं.

कुठल्या कंपनीचं मशीन बघावं?

ओरेगॉनचं ५११ए हे इटलीत बनलेलं मशीन जुन्या मशीनमध्ये सगळ्यात परवडणारं, कारण त्याची व्हीलं आणि भाग अजून मिळतात. इटलीच्या टेकोमेक कंपनीची मशीनं वेगवेगळ्या रंगांत आणि वेगवेगळ्या नावांनी विकली गेली, त्यामुळे अनोळखी स्टिकर दिसला तरी सांगाडा ओळखीचा असू शकतो. जर्मन स्टिल कंपनीचा यूएसजी ग्राइंडर अप्रतिम आहे, पण त्याची व्हीलं आणि भाग महाग. अमेरिकन फोली-बेलसॉची मशीनं दणकट असतात, व्होल्टेजचा प्रश्न तेवढा वर सांगितल्याप्रमाणे सोडवावा लागतो.

जाता जाता एक गोष्ट. आज आपण वापरतो त्या आकड्यासारख्या दाताची चेन अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स यांनी १९४६-४७ च्या सुमारास शोधली, लाकूड पोखरणाऱ्या एका अळीचे जबडे पाहून. त्याआधीच्या चेनचे दात करवतीसारखे सरळ असायचे. हे सगळे ग्राइंडर त्या आकड्याच्या दातासाठीच बनलेले आहेत.

सिल्वे नावाचं मोठं मशीन दाखवतायत. घेऊ?

ते सहसा चौकोनी धारेच्या, म्हणजे दाताच्या पोटात गोलाईऐवजी कोपरा असलेल्या, चेनसाठी असतं. तसं असेल तर आपल्याकडच्या गोल धारेच्या चेनला त्याचा उपयोग नाही.

सांगाड्याला तडा आहे. वेल्डिंग करून चालेल?

धातू कुठला आहे त्यावर. बिडाला ब्रेझिंग होतं, ॲल्युमिनियमला जाणकार वेल्डर सापडला तर होतं. झिंकच्या ओतीव मिश्रधातूचा भाग मात्र वर्षांनुवर्षांत आतून फुगून तडकतो आणि त्याला वेल्डिंग धरत नाही. तो भाग दुसऱ्या धातूत ओतून किंवा मिलिंग करून घ्यावा लागेल. तडा व्हीलच्या गार्डला असेल तर दुरुस्ती करूच नका, जाड पत्र्याचा नवा गार्ड बनवून घ्या. गार्ड नसलेलं मशीन एक मिनिटही चालवायचं नाही.

कोन किती ठेवायचे?

बहुतेक चेनला वरच्या पट्टीचा कोन ३० अंश, काहींना २५ किंवा ३५. ओंडका उभा फाडून फळ्या काढायच्या चेनला १०. दांड्याचा कल सहसा ५५ ते ६०. चेनच्या पाकिटावर दिलेलं असतं, ते पाकीट फेकू नका.

ग्राइंडरवर धार लावलेली चेन लगेच बोथट होते, असं सगळे म्हणतात. खरं का?

दात जाळला असेल तर खरं. चेनचा दात कडक केलेल्या पोलादाचा असतो आणि त्यावर क्रोमचा पातळ थर असतो. व्हील दाबून धरलं की टोक निळं पडतं, म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं किंवा वरची साल ठिसूळ झाली. नंतर त्या जागी कानस घसरते, लागतच नाही. लोक यंत्राला दोष देतात, दोष दाबणाऱ्या हाताचा असतो.

व्हील टेकवा, उचला, टेकवा, उचला. एका टेकवण्याला सेकंदही नको. जास्त घासायचं असेल तर सगळ्या चेनवरून थोडं थोडं घासत दोन फेऱ्या मारा. व्हील चकचकीत दिसू लागलं की ते तुंबलं आहे, ड्रेसिंग स्टोनने मोकळं करा. आपल्याकडे बारला, म्हणजे चेन फिरते त्या पट्टीला, गाडीचं जळकं ऑइल घालायची वाईट सवय आहे. ते आणि झाडाचा चीक मिळून चेनवर काळा थर बसतो आणि तोच व्हीलमध्ये भरतो. धार लावण्याआधी चेन रॉकेलमध्ये ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळवा. वाळवणं विसरू नका, समोर ठिणग्या उडणार आहेत. पेट्रोलचा कॅनही त्या खोलीत नको.

चांगल्या पोलादाला खराब धार लावणं मला बघवत नाही, म्हणून या प्रश्नावर एवढं लिहिलं.

धार लावूनही कट एका बाजूला वळतो. मशीन खराब निघालं का?

डाव्या आणि उजव्या दातांची लांबी मोजा. असमान असेल तर सगळ्यात लहान दाताच्या लांबीवर बाकीचे आणा. लांबी समान असूनही कट वळत असेल तर ग्राइंडरला सोडा आणि बारकडे बघा. बारच्या खाचेची एक कड जास्त झिजली की हाच प्रकार होतो.

डेप्थ गेज दर वेळी घासायचे का?

तीन-चार वेळा धार लावल्यावर मोजा. दाताच्या टोकापेक्षा डेप्थ गेज साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवं, मोठ्या ०.४०४ चेनला ०.७५ च्या आसपास. त्याहून खाली घासलंत तर मशीन लाकडात गचके खाऊन हाताला उसळी मारेल. गेजच्या पुढच्या कडेची गोलाई परत करून ठेवा.

चेन केव्हा टाकून द्यायची?

दातावर झिजेची खूण कोरलेली असते, तिथवर आली की संपली. खूण नसेल तर दात ४ मिलिमीटर उरला की टाका.

सागवान कापताना चेन इतकी लवकर का जाते?

सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे बारीक वाळूच. त्यात ओंडका चिखलातून ओढत आणलेला असेल तर विचारायलाच नको. कापण्याआधी साल झाडा, चिखलाचा पट्टा कुऱ्हाडीने काढा. धारेची निम्मी बचत तिथेच होते.

किंमत किती द्यावी?

आकडा सांगण्यापेक्षा हिशोब सांगतो. त्याच दर्जाचं नवं मशीन आज कितीला मिळतं ते आधी विचारा. त्यातून नवं व्हील, बेअरिंग, वायर, लागलं तर ट्रान्सफॉर्मर आणि टर्नरची मजुरी वजा करा. उरलेल्या रकमेच्या निम्म्याच्या वर मी जाणार नाही. ‘अँटिक आहे’ म्हणून कुणी भाव चढवत असेल तर त्याला ते दिवाणखान्यात ठेवू द्या, तुम्हाला धार लावायची आहे.

कागदपत्रं कुठली घ्यायची?

साधी लेखी पावती: मशीनचं नाव, असेल तर सीरियल नंबर, तारीख, रक्कम, दोघांच्या सह्या. पैसे शक्यतो यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि कारखान्यातून उचललेली अवजारं भंगारात फिरत असतात. गोकाक, बैलहोंगलकडून घेत असाल तर विकणारा कन्नड बोलणारा असण्याची शक्यता जास्त. व्यवहाराची भाषा दोघांना पक्की कळेल असा एखादा अण्णा सोबत न्या, भाव आणि अटी दोन्ही स्पष्ट होतात.

ग्राइंडर ठेवायला वनखात्याची परवानगी लागते का?

धार लावायच्या यंत्राला नाही, पण झाड तोडायला लागते. कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी, सूट असलेल्या काही जाती सोडल्या तर, वनखात्याच्या ट्री ऑफिसरची परवानगी घ्यावी लागते. पलीकडे चंदगडला गेलात की महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोड कायदा लागू होतो. दोन्हीकडे कामं घेणाऱ्या टोळ्यांनी हे ध्यानात ठेवावं. धार लावून देणाऱ्याने गिऱ्हाइकाला एवढं विचारलं तर काही बिघडत नाही.

घरी कसं आणायचं आणि कुठे ठेवायचं?

व्हील काढून, कापडात गुंडाळून वेगळं आणा. मोटरसायकलच्या मागे बांधलेल्या मशीनवर व्हील तसंच ठेवलं तर खड्ड्यांनी त्याला न दिसणारा तडा जातो.

मशीन जड टेबलाला बोल्टने आवळा, छातीच्या थोडं खाली, उजेड समोरून येईल असं. चष्मा आणि मास्क तिथेच खिळ्याला अडकवा, नाही तर वापरले जात नाहीत. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात भिंती चार महिने ओल्या असतात. सांध्याच्या पिनेला आणि व्हाइसच्या स्क्रूला ऑइल द्या, धूळ चिकटू नये म्हणून जास्तीचं पुसा. व्हीलं मात्र तेलापासून आणि ओलीपासून दूर, फळीवर आडवी, झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बसवताना पुन्हा वाजवून बघा.